पहिल्या वर्षी होस्टेल घ्यावं की फ्लॅट?

कॅप राउंडच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, याद्या लागायला लागल्या की या पानावर येणारे प्रश्न एकदम बदलतात. ब्रँच कुठली घेऊ हे संपतं आणि पुण्यात राहायचं कुठे हे सुरू होतं. यावेळी आलेल्यातले चार निवडलेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिलीये कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून थोड्याफार फरकाने परत परत आलाय. मी मुलींच्या होस्टेलवर रेक्टर म्हणून बरीच वर्षं काढलीयेत, त्यामुळे जे सांगतेय ते डोळ्यांनी बघितलेलं सांगतेय.

प्रश्न : ताई, मी बार्शीची. कोथरूडला एका कॉलेजात कॉम्प्युटरला ॲडमिशन झालीये. कॉलेजचं होस्टेल मिळतंय पण वर्षाचे ८० हजार एकरकमी भरायचे आणि मेस कम्पल्सरी, तिचे महिन्याला ४ हजार वेगळे. इन टाइम, म्हणजे आत यायची वेळ, रात्री साडेआठ. फर्स्ट इयरच्या मुलींचा व्हॉट्सॲप ग्रुप झालाय, त्यातल्या तिघी म्हणतायत की वारज्याला टू बीएचके घेऊ, भाडं २४ हजार, म्हणजे प्रत्येकी ६ हजार. ७० हजारच्या आत वर्ष निघतं, होस्टेलपेक्षा ५० हजार वाचतील आणि कोणाची कटकट नाही. आई म्हणते होस्टेल, पप्पा म्हणतात तू ठरव. काय करू?

उत्तर : होस्टेल घे. पहिलं वर्ष तरी घेच. आधी पैशाचं बोलू कारण तुझं सगळं गणित तिथेच फसलंय.

तू होस्टेलच्या आकड्यात मेस धरलीस आणि फ्लॅटच्या आकड्यात नुसतं भाडं. होस्टेल ८० हजार आणि मेसचे दहा महिन्यांचे ४० हजार, झाले १ लाख २० हजार, इथपर्यंत बरोबर. आता फ्लॅटचं बघ. अग्रीमेंट ११ महिन्यांचं होतं, तू सुट्टीत बार्शीला जाऊन बसलीस तरी भाडं चालूच, म्हणजे ६६ हजार. जेवायला तर लागणारच, बाहेरची मेस दोन वेळची साडेतीन हजार धर, १० महिन्यांचे ३५ हजार. त्यात नाश्ता नसतो आणि रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, मग पोहे, चहा, मॅगी, कधी वडापाव असं करत महिन्याला हजार रुपये कुठे गेले कळत नाही, ते १० हजार. लाइट, गॅस, वायफाय मिळून तुझ्या वाट्याला महिना ८०० धर, ८ हजार ८००. एजंटकडून घेतला तर साधारण एका महिन्याचं भाडं त्याला द्यावं लागतं, चौघींत तुझे ६ हजार. गादी, बादली, शेगडी, दोन-चार भांडी, ४ हजार. कर बेरीज. १ लाख २९ हजार ८०० होतात. शिवाय डिपॉझिट तीन महिन्यांचं मागितलं तर ७२ हजार, त्यातले तुझे १८ हजार वर्षभर अडकून पडणार, आणि वारजे ते कोथरूड रोजचं जाणंयेणं मी अजून धरलेलंच नाहीये.

दुसऱ्या वर्षी दलाली आणि सामानाचा खर्च नसतो, १० हजार कमी होतात, तेव्हा दोन्ही बरोबरीत येतात, पण तेव्हाच अग्रीमेंट रिन्यू करताना मालक भाडं वाढवतो. म्हणून ५० हजार वाचतील हे डोक्यातून काढून टाक. ८० हजार एकदम भरणं पप्पांना जड जातंय का हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्यावर उपाय असतो. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन दोन हप्त्यांसाठी साधा अर्ज लिहून द्या. बऱ्याच ठिकाणी मान्य करतात पण आपणहून कोणी सांगत नाही, विचारावंच लागतं.

आता त्या तिघींबद्दल. तू त्यांना भेटलीयेस का? मला माहितीये नाही भेटलीस, ग्रुपवर ओळख झालीये. कोण रात्री दोनपर्यंत मोठ्याने फोनवर बोलतं, कोण भांडी सिंकमध्ये टाकून तीन दिवस बघत नाही, कुणाच्या घरून पैसे वेळेवर येत नाहीत, हे डीपीवरून कळत नाही गं. वाईट कोणीच नसतं, पण फ्लॅट चालवायला ज्या गोष्टी लागतात त्या अठराव्या वर्षी कोणालाच येत नसतात आणि चौघी एकदम शिकायला लागल्या की पहिलं भांडण लाइट बिलावरून होतं, गीझर कोणी चालू ठेवला यावरून. त्यात एखादी पुढच्या राउंडला दुसरीकडे गेली किंवा घरची आठवण येऊन दिवाळीनंतर परतलीच नाही तर २४ हजार तिघींत, म्हणजे ८ हजार प्रत्येकी, तेही सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर नवीन पार्टनर शोधत. हे होतं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या फ्लॅटमध्ये होतं, आणि मग त्या मुली नोव्हेंबरात होस्टेलच्या ऑफिसात येऊन कॉट आहे का विचारतात, तेव्हा नसते.

एक प्रसंग सांगते, तो मला कायम आठवतो. पावसाळा सरता सरता पुण्यात डेंग्यू असतोच. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला रात्री थंडी वाजून ताप भरला. तिची रूममेट दुसऱ्या ब्रँचची, दोघींचं फार जमायचं असंही नाही, पण तिने उठून माझं दार वाजवलं, वॉचमनने रिक्षा आणली, शेजारच्या खोलीतली एक सोबत आली आणि दुसऱ्या दिवशी मेसच्या मावशींनी न सांगता मऊ भात वेगळा काढून ठेवला. त्याच आठवड्यात आमच्या एका मुलीची मैत्रीण, फ्लॅटवर राहणारी, दोन दिवस कॉलेजला आली नाही म्हणून ही बघायला गेली. तिच्या फ्लॅटमधल्या दोघी गावाला, तिसरी सकाळी सातला बाहेर पडून रात्री येणारी. ही आतल्या खोलीत एकटी, ओठ सुकलेले, उशाशी पाण्याची रिकामी बाटली, आणि फोन बंद कारण चार्जरची वायर गादीपर्यंत पोचत नव्हती. किचन दहा पावलांवर होतं पण तिला उठवत नव्हतं. वेळेवर दवाखान्यात नेली, बरी झाली. त्या फ्लॅटमधल्या मुली निष्काळजी नव्हत्या, त्यांना खरंच माहीत नव्हतं. होस्टेलला कोणी जेवायला आलं नाही की विचारणा होते, तिथे विचारणारं कोणी नव्हतं. पहिल्या वर्षी शहर नवीन, डॉक्टर माहीत नाही, कुठली रिक्षा कुठून मिळते माहीत नाही, अशा वेळी ती विचारणा हवी असं मला मनापासून वाटतं.

इन टाइमचं म्हणशील तर साडेआठ जाचतो हे मान्य. लॅब लांबते, गॅदरिंगची प्रॅक्टिस असते, लक्ष्मी रोडला पुस्तकं घ्यायला गेलं तरी ट्रॅफिकमध्ये आठ वाजतात. लेट पास कसा मिळतो ते पहिल्याच आठवड्यात समजून घे, साधारण डिपार्टमेंटची चिठ्ठी आणि घरून एक फोन एवढं पुरतं. मुलींना साडेआठ आणि मुलांना साडेदहा हा फरक मला कधीच पटलेला नाही आणि मीटिंगमध्ये मी तो बोलूनही दाखवायचे. नियम बदलतात, पण एकटीने रेक्टरशी वाद घालून बदलत नाहीत, वीस-पंचवीस जणींनी सही करून कारणासकट अर्ज दिला की संस्थेला उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडे लायब्ररीसाठीची वेळ अशीच वाढली होती.

होस्टेलची कटकट असते हे मी लपवत नाहीये. पावसात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि सगळ्या कॉरिडॉरला ओल्या जीन्सचा वास, गरम पाण्याला सकाळी रांग, बटाट्याची भाजी आठवड्यातून चारदा. अभ्यासाला शांतता हवी असेल तर खोलीच्या भरवशावर राहू नकोस, रीडिंग रूमची वेळ बघून ठेव.

आणि फ्लॅट कधी घ्यायचा तर तिसऱ्या वर्षाला, फार तर दुसऱ्याच्या शेवटी. तेव्हा प्रोजेक्ट असतं, इंटर्नशिप असते, वेळा खरंच होस्टेलात बसत नाहीत आणि स्वतःचं स्वयंपाकघर असलं तर तब्येतही सुधारते. तोपर्यंत तुला कळलेलं असेल की कोणाबरोबर परीक्षेच्या दिवसांत एका खोलीत राहता येतं. तिच्याबरोबर घे. फ्लॅट बघायला गुरुवारी जा, दुरुस्तीच्या नावाखाली पुण्यात बरेचदा गुरुवारीच पाणी बंद असतं, तेव्हा नळ उघडला की सोसायटीची टाकी केवढी आणि टँकर येतो का हे आपोआप कळतं. लाइटचा मीटर स्वतंत्र आहे की मालक सबमीटर लावून मनाने रेट घेतो ते विचार. कॉलेज डेक्कन, शिवाजीनगरकडे असतं तर मी वनाझ, आनंदनगरच्या आसपास बघ म्हटलं असतं कारण वनाझ-रामवाडी मेट्रो आहे आणि विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलत मिळते, पण तुझं कॉलेज कोथरूडलाच आहे तर चालत पोचता येईल असं घर बघ, हजार रुपये जास्त पडले तरी चालतील.

प्रश्न : ताई नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. मुलाला धनकवडीकडच्या कॉलेजात नंबर लागला पण होस्टेलच्या यादीत नाव नाही. खासगी होस्टेल बघितलं, जेवणासकट महिन्याला ९ हजार, वर १२ टक्के जीएसटी लागेल म्हणतात. मुलाला १८ वर्षं डिसेंबरात पूर्ण होतील. पुण्यात ओळखीचं कोणी नाही. काय काय बघावं?

उत्तर : दादा, नमस्कार. जीएसटीचं आधी. ९ हजारावर १२ टक्के म्हणजे महिन्याला १ हजार ८० रुपये, दहा महिन्यांत १० हजार ८००, ही काही लहान रक्कम नाही. जून २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने ठरवलं आणि जुलैपासून लागू झालं की राहण्याचं भाडं माणशी महिन्याला २० हजारापर्यंत असेल आणि सलग किमान ९० दिवस राहणं असेल तर त्यावर जीएसटी नाही, कॉलेजबाहेरच्या होस्टेललासुद्धा. हे त्यांना शांतपणे सांगा. जेवणाचा जीएसटी आहे म्हणाले तर राहण्याचे किती आणि जेवणाचे किती हे वेगवेगळं लिहिलेलं, जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. बिल मागितलं की बऱ्याच ठिकाणी विषय तिथेच मिटतो.

मुलगा अजून अठराचा नाही म्हणून करार त्याच्या नावाने करू नका, अठरा पूर्ण न झालेल्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, १८७२ च्या करार कायद्यापासून तसंच आहे. सही तुम्ही करा. पैसे भराल ते खात्यावरून भरा, रोख द्यावे लागले तर पावती हातात आल्याशिवाय उठू नका. आणि कागदावर दोन गोष्टी वाचून घ्या, मध्येच सोडलं तर डिपॉझिटमधून किती कापणार, आणि सुट्टीच्या महिन्यांचं भाडं घेणार का.

होस्टेल तुम्ही दिवसा बघितलं असणार. परत एकदा रात्री आठला जा. तेव्हा मुलं जेवत असतात, भाजी काय आहे ते ताटात दिसतं, मजल्यावर मुलं किती आणि संडास किती ते दिसतं, आणि मुख्य म्हणजे जिन्याच्या ग्रिलला रात्री कुलूप लावतात का आणि लावलं तर आग लागल्यावर मुलांनी उतरायचं कुठून हे बघता येतं. मालक सोबत नसताना एक-दोन मुलांशी बोला, तुमच्याच भागातला एखादा नक्की निघेल, तो खरं सांगतो. इथे ओळखीचं कोणी नाही म्हणता तर त्याच मुलाचा नंबर घेऊन ठेवा. रॅगिंगची भीती असेल तर युजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, कॉलेजच्या आवाराबाहेर सीनियरने त्रास दिला तरी तिथे तक्रार करता येते.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. घरच्या परिस्थितीने मुलाला खासगी होस्टेल परवडत नसेल तर सरकारी योजना आहेत आणि खेड्यातल्या कितीतरी पालकांना त्या माहीतच नसतात याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही प्रवर्ग लिहिला नाहीये म्हणून सगळंच सांगते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, ओबीसी, भटके विमुक्त आणि विशेष मागास मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी या आहेत आणि पुण्यासारख्या मोठ्या शहरात जेवण, राहणं आणि इतर खर्च मिळून वर्षाला ६० हजार रुपये खात्यावर येतात. म्हणून सरकारी वसतिगृहाचा अर्ज आधी भरा, जागा मिळणार नाही म्हणून सोडून देऊ नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक खातं आधारला जोडलेलं, हे गावाकडूनच तयार करून आणा, इथून दोन-दोन फेऱ्या होतात. या प्रवर्गांत बसत नसाल आणि शेती थोडी असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, अल्पभूधारक असल्याचा दाखला लागेल.

आणखी एक, पुण्यातल्या विद्यार्थी सहायक समितीत चौकशी करा. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेली संस्था आहे, खेड्यातल्या गरजू मुलामुलींसाठीच त्यांची वसतिगृहं आहेत आणि कमवा आणि शिका योजना पण आहे. तिथे मुलाखत होते, मुलाला सोबत न्या आणि बोलू द्या त्याला स्वतःला. यंदाची यादी भरली असेल तर खासगी होस्टेलचे पैसे वर्षाचे एकदम भरू नका, महिन्याच्या बोलीवर घ्या, म्हणजे कॉलेजच्या होस्टेलला मुलं गळाली की वेटिंगमधून आत जाता येईल. वेटिंग लिस्ट असते, त्याचं नाव त्यात आहे का ते रेक्टरना भेटूनच विचारा.

प्रश्न : आंबेगावला तिघं फ्लॅट शेअर करतो, थर्ड इयर. एकजण मध्येच गेला, मालक म्हणतो त्याच्या वाट्याचं भाडं तुम्ही भरा नाहीतर डिपॉझिट विसरा. अग्रीमेंट रजिस्टर केलेलं नाही, नुसत्या स्टॅम्प पेपरवर सह्या आहेत. सोसायटीवाले पण बॅचलर म्हणून त्रास देतात.

उत्तर : भाड्याची रक्कम पूर्ण फ्लॅटची ठरली असेल तर ती पूर्ण द्यावी लागणार, त्यात मालकाचं चुकत नाही. पण डिपॉझिट विसरा म्हणता येत नाही त्याला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, अग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर करणं ही मालकाची जबाबदारी आहे, न केल्यास दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि रजिस्टर केलेलं नसताना अटींवरून वाद झाला तर उलट काही सिद्ध होत नाही तोपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे भांडणाच्या सुरात सांगू नकोस, नवीन मुलगा आणतो, तुम्ही सगळ्यांच्या नावाने ऑनलाइन अग्रीमेंट रजिस्टर करून द्या, असं म्हण. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये आणि स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, फार काही पडत नाही. रजिस्टर अग्रीमेंट आणि पोलीस व्हेरिफिकेशनची कॉपी सोसायटीच्या ऑफिसात देऊन पोच घेतली की त्यांचाही आवाज कमी होतो. रात्री अकरानंतर तुमचा स्पीकर बंद असतो ना मात्र? तो गेलेला मित्र, त्याचं डिपॉझिट नवीन मुलाने परस्पर त्याला द्यायचं, तिघांनी व्हॉट्सॲपवर तसं लिहून ठेवा.

प्रश्न : सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एमपीएससीची तयारी. मेसवाल्या काकू खाडा धरत नाहीत, गावाला आठ दिवस गेले तरी पूर्ण पैसे. बदलू का मेस?

उत्तर : बदलण्याआधी विचार की सलग किती दिवसांना खाडा धरतात. बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवस आणि एक दिवस आधी सांगितलं तरच धरतात, कारण पीठ, भाजी आदल्या रात्रीच ठरते, आणि आपण एसटीत बसल्यावर मेसेज टाकतो. आधी सांगूनही धरत नसतील तर बदल, पेठेत मेस कमी नाहीत. महिन्याऐवजी ताटांवर कार्ड देणारी बघ, साठ ताटांचं कार्ड असेल तर जेवशील तेवढीच खूण होते. पहिल्या दिवशी पूर्ण महिन्याचे देऊ नकोस, आठवडाभर जेवून बघ, पोळ्या संध्याकाळी साडेनऊला पण गरम असतात का ते बघ, कारण लायब्ररीतून तू त्याच वेळेला येणार.